सॅव्हेज २४: वरच्या नळीतली टू-टू पुन्हापुन्हा फुसकी का जाते?

सॅव्हेज २४ म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची अमेरिकन बंदूक: वर .२२ (टू-टू) गोळीची नळी, खाली .४१० (फोर-टेन) छऱ्यांच्या काडतुसाची. तिच्याबद्दलची तक्रार नेहमीची आहे. खालच्या नळीतलं फोर-टेनचं काडतूस दर वेळी खणखणीत वाजतं, वरची .२२ मात्र पाच-सातांत एकदा नुसती ‘टक्’ करते. घोडा पुन्हा चढवून चाप ओढला की बहुतेक वेळा तीच गोळी उडते. मग आधी गोळ्यांचा ब्रँड बदलला जातो, नंतर घोड्याची स्प्रिंग. काही दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

स्प्रिंग बदलून काही काळ फरक पडतो, कारण घण जड केला की वाकड्या ऐरणीवरही काम होतं. पण या बंदुकीत बिघाड बहुधा ऐरणीत असतो. ते नीट कळलं की पुढची सगळी तपासणी सोपी होते.

फोर-टेनच्या बुडात २०९ नंबरचा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) असतो आणि त्याची ऐरण त्याच्या पोटातच असते. घोड्याचा फटका पुढे पोचवणारी पिन थोडी कमी-जास्त पुढे आली, काडतूस जरा मागे-पुढे बसलं, तरी तो वाजतो. .२२ ला वेगळा प्रायमर नाही. स्फोटक मसाला पितळी केसच्या (गोळीच्या कवचाच्या) कडेत, त्या पातळ गोल काठात भरलेला असतो. पिन काठावर आदळते आणि चेंबरच्या (नळीत गोळी बसायच्या जागेच्या) तोंडाचं पोलाद मागून आधार देतं, त्या दोहोंत मसाला चिरडला जातो. म्हणजे .२२ ची ऐरण नळीच्या तोंडाशी आहे. ती पिनेपासून दूर गेली किंवा तिला खड्डा पडला की फटका वाया.

त्यात ही नळी वर आहे. बिजागरीची पिन खाली पुढे, त्यामुळे बंदूक किंचितही ढिली बसली तर फट खालपेक्षा वरच जास्त पडते. एकाच बंदुकीत फोर-टेन ठणठणीत आणि टू-टू आजारी, हे याच भूमितीमुळे.

हातात नेमकं काय आहे ते आधी वाचा

सॅव्हेजनं मॉडेल २४ हे १९५० मध्ये आणलं. त्याआधी हीच रचना स्टीव्हन्स २२-४१० या नावानं विकली जात होती, त्यातल्या बऱ्याच बंदुकांना टेनाइट नावाच्या प्लॅस्टिकचा दस्ता होता. जुन्या २४ वर नळी निवडायचा सिलेक्टर रिसीव्हरच्या (घोडा-चाप असलेल्या मधल्या पोलादी भागाच्या) उजव्या अंगाला सरकत्या बटणाचा आहे, नंतरच्यांत तो घोड्यावरच आला. उघडायचा खटकाही मॉडेलनुसार कधी वर, कधी बाजूला, कधी चापाच्या कड्यापुढे. सुटा भाग मागवताना ‘मॉडेल २४’ एवढंच सांगून भागत नाही. पूर्ण अक्षरासकट मॉडेल आणि सिलेक्टर कुठे आहे हे सांगा. १९६८ च्या अमेरिकन बंदूक कायद्याआधीच्या बंदुकांवर अनुक्रमांक नसणं नेहमीचंच आहे, त्यावरून संशय घेऊ नका. छोट्या वर्तुळात आकडा आणि अक्षर दिसलं तर अक्षर सालाचं: ए म्हणजे १९४९, बी म्हणजे १९५०, आणि पुढे.

नळीवरचा शिक्का मात्र भिंगाखाली बघाच. ‘एम’ अक्षराच्या काही बंदुका .२२ मॅग्नमच्या आहेत. मॅग्नमच्या केसचा व्यास सुमारे ०.२४२ इंच, लाँग रायफलचा (म्हणजे नेहमीच्या .२२ चा) ०.२२६. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सहज सरकते, पण केस फुगते, फाटते आणि गरम वायू मागे येतो. ही फुसकेपणाची नव्हे, डोळ्याची गोष्ट आहे. तसंच फोर-टेनचा चेंबर अडीच इंची की तीन इंची तेही शिक्क्यावरूनच ठरवा. अडीच इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस आत जातं आणि बंदूक मिटतेही, कारण उडण्याआधी घडी घातलेलं काडतूस आखूड असतं. उडताना तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो. .४५ कोल्टची गोळी फोर-टेनमध्ये घालायचा प्रयोग कुणी सुचवला तर ऐकू नका.

न उडालेली गोळीच रोग सांगते

रेंजवर एकाच लॉटच्या ५० गोळ्या घ्या. एखादी वाजली नाही की नळीचं तोंड निशाणाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग उघडा. उशिरा पेटणारी गोळी हा ऐकीव बागुलबुवा नाही. काढलेल्या गोळीवरची खूण भिंगाखाली बघा आणि काठावर मार्करनं टिंब करून ठेवा, म्हणजे ती पुन्हा कशी घातली ते कळेल.

तीच गोळी तशीच घातली आणि दुसऱ्या फटक्याला उडाली, तर पहिल्या फटक्याची ताकद गोळी पुढे ढकलण्यात गेली. एक तर चेंबर घाण आहे, किंवा तोंडाशी धातूचा उंचवटा आहे, किंवा बंदूक ढिली मिटते. अर्धा फेरा फिरवून घातल्यावर उडाली, तर त्या जागी काठात मसालाच पोचला नव्हता. दोष गोळीचा, बंदुकीला हात लावू नका. खूण दर वेळी उथळ, पिन नुसती टेकून गेल्यासारखी, तर पिनेची वाट, पिनेची लांबी आणि शेवटी स्प्रिंग तपासा. आणि खूण खोल आहे, पण काठ तिथं चिरडण्याऐवजी पुढच्या बाजूला वाकलाय, गोळी फिरवूनही उडत नाही, तर चेंबरच्या काठाला खड्डा पडलाय. हे शेवटचं चिन्ह बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण खोल खूण बघून ‘पिन तर मस्त मारतेय’ असं वाटतं.

खूणच नसेल तर सिलेक्टर बघा. बाजूच्या बटणाचा खटका झिजला की तो मधेच कुठेतरी उभा राहतो. बटण वर ढकलून घोडा चढवा आणि बोटानं बटण खाली ओढून बघा. हलकं सरकलं तर खाच आणि तिची छोटी स्प्रिंग झिजलीय.

तपासणी, स्वस्तातलं आधी

दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि करंगळीनं बघा. गोळ्या दुसऱ्या खोलीत.

पुढचा लाकडी हातभाग खाली ओढून काढा, खटका दाबून नळ्या उघडा आणि बिजागरीवरून उचलून वेगळ्या करा. आता .२२ च्या चेंबरचं तोंड बघा. काठ बसायची गोल खाच असते, तीत जळकं मेण आणि शिसं दगडासारखं बसतं. एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) मागची फट तर हमखास विसरली जाते. खाचेत ३-४ थाऊ काजळी असली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) तरी गोळी तेवढी बाहेर राहते आणि मिटताना रेटली जाते किंवा पहिल्या फटक्यात आत बसते. पितळी ब्रश, सॉल्व्हंट आणि टोकदार केलेली बांबूची काडी घ्या. पोलादी टोच्या नको. नुसत्या या साफसफाईनं बऱ्याच बंदुका सुधारतात, म्हणून आधी हेच करून पुन्हा ५० गोळ्या चालवा.

मग पिनेची वाट. वर्षानुवर्षं बाहेरून फवारलेलं तेल आत वाळून वार्निशसारखं होतं. थंडीत तर विचारूच नका: विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटातल्या नोव्हेंबरच्या सकाळी तापमान शून्याखाली गेलं की हेच तेल पिनेला पकडून ठेवतं, आणि दुपारी उन्हात बंदूक आपोआप ‘बरी’ होते. पिन कुठल्या स्क्रूनं किंवा आडव्या पिनेनं अडकवली आहे ते आपल्या मॉडेलच्या आराखड्यात बघून काढा. मिनरल स्पिरिटनं वाट धुवा, कोरडी करा, पिनेवर हलक्या तेलाचं एक बोट फिरवा आणि तेही पुसा. ग्रीस अजिबात नाही. पिनेचं शेपूट घोड्याचे फटके खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल तर ती वाटेत घासते. पसरलेली कड बारीक दगडावर उतरवा, लांबी कमी करू नका.

पिन पुढे किती येते ते मोजायला तिला मागून पितळी पंचनं पूर्ण दाबून धरा. घोडा आपटून सोडल्यावर मोजलं तर आकडा चुकीचा येतो, कारण घोडा फटका मारून मागे सरतो. व्हर्नियरच्या शेपटानं मोजा: साधारण ३५ ते ४० थाऊ ठीक. ४३ च्या पुढे गेली तर रिकाम्या चेंबरवर ती पोलादालाच ठोकर देते. झिजून आखूड झालेली पिन ठोकून लांब करायची युक्ती सर्रास सांगितली जाते, करू नका. टोक ठिसूळ होतं, काठ फुटतो आणि वायू चेहऱ्याकडे येतो. नवी पिन घ्या, जास्त असेल तर घासून बसवा.

ढिली बंदूक मोजायची कशी

इथं घाई नको, कारण इथंच निदान चुकतं. पुढचा हातभाग काढलेला असू द्या. त्याची स्प्रिंग नळ्यांना मागे रेटते आणि ढिलेपणा लपवते. हातभाग लावून बंदूक हलवून ‘घट्ट आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

नळ्या बसवून बंदूक मिटा आणि ट्रॅक्टरचे टॅपेट सेट करायला वापरतात तो फीलर गेज घ्या. .२२ च्या पातळीला, बाजूनं, नळीचं तोंड आणि मागची भिंत यांच्यामध्ये पाती सरकवून बघा. मग नळ्या काढून चेंबरच्या खाचेची खोली मोजा. खाच अधिक फट ही बेरीज ४३ ते ४६ थाऊंत हवी. समजा खाच ४३ आहे, तर फटीला फक्त ३ थाऊ उरतात, म्हणजे ०.०७५ मिलिमीटर. थोडक्यात ०.०५ ची पाती गेली तर चालेल, ०.१० ची गेली तर दुखणं सापडलं. ०.१५ गेली तर बेरीज ४९ च्या आसपास, आणि त्या बंदुकीत कुठलीही स्प्रिंग कायमचा इलाज नाही.

फट वरखाली सारखी असेल आणि नळ्या पुढे-मागे हलत असतील तर बिजागरीची पिन किंवा नळीखालचा हूक झिजलाय. फट वरच जास्त आणि नळ्या वर-खाली हलत असतील तर मिटवणारा बोल्ट झिजलाय. दोन्हींचा इलाज वेगळा. पहिल्याला जाड पिन किंवा हुकावर वेल्डिंगनं भर घालून पुन्हा घडवणं, दुसऱ्याला नवा बोल्ट किंवा त्याच्या उतारावर भर. हे काम गनस्मिथचं आहे.

निदान पक्कं करायला मात्र एक स्वस्त परीक्षा घरी होते. हुकाच्या आतल्या वक्रावर ॲल्युमिनियम फॉइल टेपचा, सुमारे ३ थाऊ जाडीचा, एक तुकडा चिकटवा. बंदूक पूर्ण मिटतेय आणि खटका नेहमीच्या जागी परत येतोय याची खात्री करा. खटका अर्धवट राहिला तर टेप लगेच काढा. नीट मिटली तर फक्त .२२ च्या २५-३० गोळ्या चालवा. फुसकेपणा थांबला तर बिजागरी दोषी. टेप निदानापुरती आहे, फोर-टेनच्या चार धक्क्यांत तिचा चुरा होतो. ती लावून बंदूक विकणारेही आहेत, म्हणून जुनी २४ घेताना हुकाच्या आत बोट फिरवाच.

आणि हो, ही झीज येते ती मनगटाच्या झटक्यानं बंदूक मिटण्यातून. सिनेमात बरी दिसते. अंगठ्यानं खटका दाबून, हातानं नळ्या वर आणून, खटका हळू सोडा.

चेंबरच्या काठाचा खड्डा

रिकाम्या चेंबरवर चाप ओढल्यानं हा होतो. दादा-परदादांच्या काळापासून मुलांना ‘सराव’ म्हणून हेच करू दिलेलं असतं. पिन जिथं आदळते तिथं काठावर नखानं जाणवणारी खाच आणि चेंबरच्या आत ढकलला गेलेला धातूचा उंचवटा. रिकाम्या केसवर लांबीच्या दिशेनं एकच चरा दिसला, केस काढताना अडकली, की समजा.

हा उंचवटा कापायचा नसतो, बाहेर ढकलायचा असतो. त्यासाठी निमुळत्या, कडक पोलादी दांड्याचं चेंबर आयर्न मिळतं. तेल लावून ते आत घाला, उंचवट्याच्या बाजूला दाब देत हळूहळू फिरवा, दर दोन-तीन फेऱ्यांनी रिकामी केस घालून बघा. ड्रिल बिट किंवा रीमरनं तोच धातू कापून टाकलात तर ऐरणीचा तुकडाच गेला, मग वेल्डिंग करून पुन्हा चेंबर कापण्यावाचून गत्यंतर नाही. आयर्न फिरवूनही खड्डा पिनेच्या टोकाएवढा रुंद उरला, तर काठाला तिथं आधार मिळतच नाही आणि वेल्डिंग टळत नाही.

पुढे सरावाला हार्डवेअरच्या दुकानातले भिंतीत ठोकायचे पिवळे प्लॅस्टिक अँकर, ४-६ नंबरचे, .२२ च्या चेंबरमध्ये बेताचे बसतात. प्रत्येक फटक्यानंतर थोडा फिरवा, दहा-बारा खुणा झाल्या की फेकून द्या.

एवढं सगळं करून खूण अजून उथळच असेल, तर आता स्प्रिंग. नवीची मोकळी लांबी जुनीशी ताडून बघा, आखूड झाली असेल तर त्याच मापाची घ्या. जास्त कडक स्प्रिंगनं चाप जड होतो आणि पिनेचं आयुष्य घटतं.

गंज आणि दस्ता: नुकसान न करता

गंजावर तेल लावून २४ तास ठेवा, मग ०००० नंबरच्या स्टील वूलनं तेलासकट हलके हात फिरवा. वायर व्हील लावलंत तर गंजाबरोबर मूळ निळसर झिलई आणि शिक्केही गेले. पुन्हा ब्लूइंग (ती निळसर झिलई चढवणं) करायचं असेल तर दोन नळ्या कशानं जोडल्या आहेत ते आधी तपासून घ्या. मऊ सोल्डरचा जोड गरम ब्लूइंगच्या उकळत्या अल्कलीत खाल्ला जातो आणि नळ्या सुटतात. अशा नळ्यांना सावकाश रस्ट ब्लूइंगच, म्हणजे थोडा-थोडा गंज चढवून केलेली झिलई.

जाम स्क्रूसाठी ॲसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइलचं अर्धं-अर्धं मिश्रण उत्तम चालतं, पण टेनाइटचा दस्ता आधी उतरवा. टेनाइट हे सेल्युलोज ॲसिटेट, ॲसिटोनचा थेंब पडला की पृष्ठभाग विरघळून चिकट होतो. (याच गुणामुळे त्याची बारीक चीर ॲसिटोननंच जोडताही येते, पण तो हातखंड्याचा खेळ आहे.) दस्ता उतरवायला मागची बटप्लेट काढा, आतल्या लांब बोल्टपर्यंत लांब स्क्रूड्रायव्हर पोचतो. बसवताना बोल्ट घट्ट हवा. सैल दस्ता धक्क्यानं त्याच्या मनगटाशीच, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, चिरतो.

मैदानात नेण्याआधी

साइट (नेम धरायची खूण) एकच, नळ्या दोन. साइट .२२ ला लावा: २५ यार्डांवर, थंड नळीनं, तीन-तीन गोळ्यांचे गट. मग त्याच अंतरावर ३० इंची वर्तुळ काढलेला मोठा कागद लावून फोर-टेन चालवा. छऱ्यांचं मध्य चार-पाच इंच सरकलेलं दिसलं तर नळ्या वाकवायला जाऊ नका. काडतूस बदला, अडीच इंचीतले अर्धा औंस छरे आणि तीन इंचीतले ११/१६ औंस वेगळीकडे बसतात. जे मध्याच्या जवळ येईल ते आपलं. फोर-टेनचा भरवसा २५ यार्डांपर्यंतच धरा. जुन्या घट्ट चोकमधून (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागातून) स्टीलचे छरे चालवू नका. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छऱ्यांना १९९१ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे बदकांना ही बंदूक मुळात नाहीच. हिची जागा ओक-हिकरीच्या रानात: फांदीवर बसलेल्या खारीला वरची नळी, झुडपातून सुटलेल्या कॉटनटेल सशाला खालची. ससा साफ करताना हातमोजे घाला, टुलरेमिया या आजाराचा जंतू त्वचेतून शिरतो.

चालताना बंदूक उघडी ठेवा. घोडा चढवून रानात हिंडायचं नाही, आणि भरलेल्या चेंबरवर घोडा उतरवताना थंड अंगठा घसरतो, हे गृहीतच धरा. उतरवण्याआधी बंदूक उघडा.

अमेरिकेत एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक जवळ बाळगायलाच बंदी आहे. अपवाद आहे तो वैध हंटिंग लायसन्स असणाऱ्यांना, त्यामुळे मित्राची २४ दुरुस्तीला घरी आणण्याआधी लायसन्स खिशात हवं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही, राज्याचे नियम मात्र सगळ्यांनाच. महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी: शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, आणि कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात एकनळी-दुनळी असेल तर तिची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच द्या. फीलर गेजची परीक्षा तिलाही लागू पडते. बारा बोअरचा प्रायमर आपली ऐरण पोटात घेऊन येतो, म्हणून तिथं ढिलेपणा फुसक्या बारानं कळत नाही. उडालेल्या काडतुसाचं बूड फुगलेलं किंवा प्रायमर मागे सरकलेला दिसतो, तेव्हा कळतो.